हातातले पुस्तक, मुखातली कथा

कथा ही वाचावयाची गोष्ट आहे, असे आपण आज गृहीत धरून चालतो. पुस्तक घ्यावे, एकान्तात बसावे आणि ओठ न हलविता पाने उलटावीत, हीच आपली वाचनाची कल्पना होऊन बसली आहे. परंतु साहित्याच्या दीर्घ इतिहासाकडे पाहिले असता ही सवय बरीच अलीकडची ठरते. एकाने वाचावे आणि अनेकांनी ऐकावे, ही रीत तिच्याहून कितीतरी जुनी आहे. गेल्या काही दशकांत ती एका नव्या रूपाने परत आली आहे. एखादा कसलेला नट किंवा नटी सभागृहात लघुकथा वाचून दाखविते आणि शेदोनशे माणसे तासभर स्तब्ध बसून ती ऐकतात. मराठीत या प्रकाराला ‘अभिवाचन’ हे नाव रूढ झाले आहे.

या प्रकारातील एक साधी बाब आम्हांला विचार करावयास लावते. नटाला पाठांतराचा सराव असतो. तीन अंकी नाटक मुखोद्गत करणाऱ्याला दहा-पंधरा पानांची कथा पाठ करणे अशक्य नाही. तरीही अभिवाचनाच्या वेळी तो हातात पुस्तक धरतो, अधूनमधून त्यात पाहतो, पान उलटतो. हे पुस्तक केवळ विसरण्याच्या भीतीने हाती धरलेले असते काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्या पुस्तकाला काही अर्थ आहे, आणि तो अर्थ इतिहासातच सापडतो. आपण ख्रिस्ती लोक तर दर रविवारी ग्रंथातून वाचलेले शब्द ऐकणारे. तेव्हा हा शोध आपल्या उंबरठ्यापासून फार दूर जाणार नाही.

नासरेथ ते बेनेडिक्टांचा मठ

संत लूककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू नासरेथच्या सभास्थानात वाचावयास उभा राहतो. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी त्याच्या हाती दिली जाते. तो ती उलगडतो, नेमका उतारा शोधतो, वाचतो, मग गुंडाळी मिटून सेवकाच्या हाती परत देतो आणि खाली बसतो. ज्याला आपण स्वतः शब्द म्हणून मानतो, त्यानेही वाचताना ग्रंथ हाती घेतला आणि वाचून झाल्यावर तो परत केला. भाष्य त्याने नंतर केले. वाचणे आणि बोलणे ही दोन कार्ये त्याने एकमेकांत मिसळली नाहीत. वाचकाच्या धर्माचे इतके संक्षिप्त आणि इतके पूर्ण चित्र दुसरीकडे क्वचितच आढळेल.

प्राचीन जगात वाचन हे बहुधा सस्वरच असे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत आगुस्तीन मिलान नगरीत असताना त्यांनी तेथील महागुरू संत अँब्रोज यांना एकही शब्द न उच्चारता, नुसत्या डोळ्यांनी वाचताना पाहिले. ही गोष्ट त्यांना इतकी वेगळी वाटली की, आपल्या आत्मनिवेदनाच्या सहाव्या भागात त्यांनी ती मुद्दाम नोंदवून ठेवली आणि अँब्रोज असे का करीत असावेत याची कारणेही शोधली. मूक वाचन त्या काळी सर्वस्वी अज्ञात होते असे नव्हे. परंतु ते ध्यानात राहावे इतके विरळ होते, एवढे या नोंदीवरून निश्चित दिसते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा ३८ वा अध्याय संपूर्णपणे वाचकाविषयी आहे. भोजनाच्या वेळी वाचन झालेच पाहिजे, असा दंडक त्यात आहे. वाचक आठवड्याभरासाठी नेमला जाई आणि रविवारी मिस्सानंतर आपले काम सुरू करी. आरंभी तो सर्वांना आपल्यासाठी प्रार्थना करावयास सांगे. ही प्रार्थना कशासाठी? वाचताना चूक होऊ नये यासाठी नव्हे, तर गर्वाचा वारा आपल्याला लागू नये यासाठी. चांगला आवाज आणि ऐकणारी मंडळी एकत्र आली की वाचकाच्या मनात काय उत्पन्न होते, हे त्या जाणत्या मठाधिपतीला ठाऊक होते.

याच अध्यायात आणखी काही नियम आहेत. वाचन चालू असता पूर्ण शांतता असावी, कुजबूजही ऐकू येऊ नये, भाकरी किंवा पाणी हवे असल्यास खुणेने मागावे. वाचकाला वाचनापूर्वी थोडा द्राक्षारस द्यावा, म्हणजे त्याला उपवास जड जाणार नाही. त्याने जेवण मात्र सर्वांच्या नंतर स्वयंपाकघरातील सेवकांबरोबर घ्यावे. शेवटचा नियम तर फारच अर्थपूर्ण आहे. वाचन ज्येष्ठतेच्या क्रमाने सर्वांनी करावयाचे नाही. ज्यांच्या वाचनाने ऐकणाऱ्यांची आत्मिक उन्नती होते, त्यांनीच ते करावे.

म्हणजे बेनेडिक्टांनी वाचकाकडून दोन गोष्टी मागितल्या, कौशल्य आणि नम्रता. ज्याच्यापाशी कौशल्य नाही त्याने वाचू नये. ज्याच्यापाशी ते आहे त्याने त्याचा गर्व वाहू नये. पुढील चौदाशे वर्षांत कथावाचनाचा जो इतिहास घडला, तो बव्हंशी या दोन गोष्टींच्या ओढाताणीचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

रायतूरचे पुराण

आता आपल्या भूमीकडे वळू. इ. स. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा तिशीतला इंग्रज येशूसंघीय गोव्यास उतरला. साष्टीच्या खेड्यांतून काम करीत असता लोकांना पुराणश्रवणाची केवढी गोडी आहे, हे फादर स्टीफन्स यांनी ओळखले. धर्मांतरानंतर जुनी पुराणे या लोकांपासून दूर गेली होती आणि त्यांची जागा घेणारे काहीच हाती आलेले नव्हते. प्रश्नोत्तरांच्या धर्मशिक्षणाने बुद्धीला खाद्य मिळत असेल, पण संध्याकाळी कान लावून ऐकावे असे त्यात काय होते? ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापून प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाची रचनाच श्रवणाची आहे. नवख्रिस्ती श्रोता शंका विचारतो, पाद्री उत्तर देतात, आणि त्या संवादातून उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा उलगडत जाते. गोव्यातील चर्चमधून रविवारी आणि सणांच्या दिवशी ते वाचले जाई. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. ग्रंथ त्यांच्या हाती कधी यावयाचा नव्हता. त्यांच्यासाठी तो वाचकाच्या आवाजातच वसत होता.

आणि म्हणूनच तो आवाज बंद होताच ग्रंथ मुका होण्याची वेळ आली. १६८४ साली व्हाइसरॉय काउंट आल्व्होर यांनी फर्मान काढले की, गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. राजसत्तेच्या हुकुमाने लोकांची भाषा पूर्णपणे कधी मरत नसते, पण ग्रंथपरंपरा मात्र खुंटू शकते. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्यांनंतर दीर्घकाळ नवी आवृत्ती निघाली नाही. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील कॅनरा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखितांच्या आधारे ते जपले, आणि १९०७ मध्ये जोसेफ सालदान्हा यांनी मंगळूर येथून ते पुन्हा छापले. पुढे फादर कॅरिदाद द्रागो यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९९६ साली मुंबईत निघाली.

ज्या पुस्तकाची मूळ छापील प्रतसुद्धा आज हाती लागत नाही, ते जगले कसे? ज्यांनी ते जपले ते त्याचे श्रोते होते, किंवा श्रोत्यांची मुले-नातवंडे होती. कानांनी ज्या ग्रंथावर प्रेम केले, त्या ग्रंथाची नक्कल हातांनी केली. मोठ्याने वाचणे ही ग्रंथाची केवळ शोभा नसून ते त्याचे संरक्षणही असते, हे या उदाहरणावरून आम्हांला कळते.

डिकन्सचे वाचनपीठ

धर्मग्रंथाकडून लौकिक कथेकडे यावयाचे तर एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये जावे लागेल. तेथे कथा वाचणारा आणि नट हे दोघे एकाच देहात एकत्र आले. चार्ल्स डिकन्सला तरुणपणी नट व्हावयाचे होते. १८३२ मध्ये लंडनच्या कॉव्हेन्ट गार्डन नाट्यगृहात त्याची चाचणी ठरली होती. परंतु ऐन वेळी आजारपण आले आणि ती राहून गेली. तो लेखक झाला, तरी रंगमंचाची ओढ सुटली नाही.

१८५३ च्या नाताळात, २७ डिसेंबर रोजी, बर्मिंगहॅम येथील नगर-सभागृहात त्याने एका सत्कार्याच्या साहाय्यार्थ आपली ‘ख्रिसमस कॅरल’ ही नाताळकथा वाचून दाखविली. त्याच आठवड्यात कामकरी वर्गासाठी अल्प दरात त्याने तिचे पुन्हा वाचन केले. नंतर १८५८ च्या एप्रिलपासून तो स्वतःसाठी मोबदला घेऊन वाचू लागला. १८६७-६८ च्या अमेरिका दौऱ्यात त्याने ७६ वाचने केली. आयुष्यभरातील वाचनांची संख्या सुमारे ४७० भरते.

या वाचनांची तयारी एखाद्या नाट्यप्रयोगासारखी असे. स्वतःच्या पुस्तकांची खास प्रत तो तयार करी, परिच्छेद काटून टाकी, शब्दांखाली रेघा ओढी, समासात स्वराच्या आणि हावभावांच्या सूचना लिही. ‘डॉक्टर मॅरिगोल्ड’ या एका कथेचा आपण दोनशेहून अधिक वेळा सराव केला, असे त्याने पत्रात कळविले आहे. रंगमंचावर नेपथ्य नसे. खास बनवून घेतलेले एक वाचनपीठ, मागे एक पडदा आणि चेहरा उजळविणारे वायुदीप, एवढाच सरंजाम. पुस्तक मात्र समोर असे. मजकूर मुखोद्गत असल्यामुळे त्याला त्यात पाहण्याचे कारण क्वचितच पडे. तरी त्याने ते दूर केले नाही. पुस्तक दूर झाले की वाचन संपून नाटक सुरू होते, ही सीमारेषा तो ओळखून होता.

आणि तरीही ती रेषा त्याने ओलांडली. १८६९ च्या जानेवारीपासून ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ मधील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग तो जाहीरपणे वाचू लागला. त्या वाचनात वाचक उरत नसे. खुनी आणि त्याचा बळी हे दोघेच उरत. हितचिंतकांनी नको म्हटले, वैद्य नाडीचे ठोके मोजू लागले, आणि प्रत्येक प्रयोगानंतर ते वाढलेले आढळू लागले. एप्रिलमध्ये प्रकृती ढासळली आणि दौरा मध्येच थांबवावा लागला. पुढे १५ मार्च १८७० रोजी लंडनमध्ये त्याने श्रोत्यांचा अखेरचा निरोप घेतला आणि त्याच वर्षी ९ जूनला वयाच्या ५८ व्या वर्षी त्याचे देहावसान झाले.

केवळ वाचनांनी त्याचा बळी घेतला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याची प्रकृती आधीपासूनच खालावलेली होती. परंतु वाचनांनी मरण जवळ आणले, हे त्याच्या चरित्रकारांचे मत नाकारता येत नाही. बेनेडिक्टांचा वाचक ज्या वाऱ्यापासून रक्षण मागत होता, तोच वारा येथे वादळ होऊन आला. मात्र डिकन्सचा हा अंत सांगून त्याची थोरवी कमी करण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांनी कधी पुस्तक विकत घेतले नसते अशा हजारो माणसांना त्याने एका सभागृहात आणून शेजारी-शेजारी बसविले, एकाच वेळी हसविले आणि रडविले. हे वाचनाचे सामर्थ्यही त्याच्याच चरित्रात दिसते.

हाव्हानाचे वाचक

इंग्लंडमध्ये श्रोता तिकीट काढून येत होता. त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे क्यूबा बेटावर श्रोत्यांनी वाचकालाच आपल्या कामाच्या जागी आणले. हाव्हाना शहरातील चिरूट वळण्याच्या कारखान्यांत कामगार दिवसभर बाकावर बसून तंबाखूची पाने गुंडाळीत. हात गुंतलेले, कान मोकळे. १८६५ मध्ये ‘एल फिगारो’ या कारखान्यात एका माणसाने उंच जागी बसून इतरांना वाचून दाखविण्याची प्रथा सुरू झाली. त्याचा मेहनताना कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. काय वाचावयाचे तेही तेच ठरवीत. सकाळी वर्तमानपत्रे आणि नंतर कादंबऱ्या, असा परिपाठ पुढे रूढ झाला.

सत्ताधाऱ्यांना या प्रथेची भीती वाटली आणि १८६६ च्या मे महिन्यात स्पॅनिश गव्हर्नरने तिच्यावर बंदी घातली. ती काही काळाने पुन्हा उगवली, स्थलांतरित कामगारांबरोबर फ्लोरिडातील की वेस्ट आणि टँपा येथे पोहोचली. टँपाच्या कारखान्यांतून १९३१ साली मालकांनी वाचकांना बाहेर काढले आणि त्यांच्या उच्चासनांच्या जागी रेडिओ आला. क्यूबात मात्र ती टिकून राहिली. ड्यूमाची ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ ही कादंबरी या श्रोत्यांची इतकी लाडकी होती की, चिरुटाच्या एका प्रसिद्ध प्रकाराला तिचे नाव मिळाले, असे सांगितले जाते.

हे वाचक व्यवसायाने नट नव्हते. पण एकाच आवाजात अनेक पात्रे उभी करण्याचे नटाचे काम त्यांना दररोज करावे लागे. त्यांच्या इतिहासातून एक नवी बाब पुढे येते. वाचन हे श्रोत्यांच्या मालकीचे असते. वाचकाचे आसन उंच असले तरी ते श्रोत्यांच्या घामाच्या पैशांवर उभे असते.

मराठी कथा आणि तिचा आवाज

मराठी लघुकथा ही नियतकालिकांच्या कुशीत वाढली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ पत्रात १८९० पासून त्यांच्या स्फुट गोष्टी येऊ लागल्या. एका बैठकीत संपणारी गोष्ट हे या प्रकाराचे लक्षण. एडगर अॅलन पो याने १८४२ मध्येच हे लक्षण सांगून ठेवले होते. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत जिचे वाचन पुरे होते अशा गद्यकथेचा त्याने पुरस्कार केला होता. एका बैठकीत वाचून होणारी कथा एका बैठकीत ऐकूनही होते. कादंबरी मोठ्याने वाचावयाची तर महिने लागतात. लघुकथा मात्र जणू श्रवणाच्याच मापाने बेतलेली आहे.

१९६० नंतरच्या दशकात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी महाराष्ट्रभर कथाकथनाचे कार्यक्रम केले. गावोगावच्या व्याख्यानमाला, गणेशोत्सव, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने यांतून त्यांच्या कथा गाजल्या. व. पु. काळे यांनी पुढे हाच मार्ग शहरी मध्यमवर्गाच्या जीवनाकडे वळविला. पु. ल. देशपांडे यांनी तर ‘बटाट्याची चाळ’ एकट्याच्या बळावर रंगमंचावर उभी केली. ग्रामीण बोलीचा नाद, वाक्याला मिळणारी कलाटणी, हशा आणि क्षणभराची शांतता यांचा आनंद लाखो मराठी माणसांनी या मंडळींमुळे घेतला. त्या ऋणातून आपण मुक्त होऊ शकत नाही.

परंतु कथाकथन आणि अभिवाचन यांत एक भेद आहे. कथाकथनकाराच्या हाती पुस्तक नसते. कथा त्याची स्वतःची असते. ती श्रोत्यांप्रमाणे वाकविण्याचा, वाढविण्याचा, आटोपती घेण्याचा त्याला अधिकार असतो. यातून रंगत येते. त्याबरोबर एक मर्यादाही येते. जी कथा सभेत रंगते तीच पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि हशा पिकविणारी कथा अबोल कथेला मागे सारते. शिवाय ज्या लेखकाला सभेत उभे राहणे जमत नाही किंवा रुचत नाही, त्याच्या कथेने काय करावे? जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण घ्या. मराठी कथेतील हे एक सर्वश्रेष्ठ नाव. पण हा लेखक धारवाडला राहून सभा-संमेलनांपासून कटाक्षाने दूर राहिला. त्यांची कथा त्यांच्या तोंडून महाराष्ट्राने ऐकली नाही. अशा कथेला दुसऱ्याचा आवाज लागतो. तो आवाज तिच्यातील एक शब्दही बदलणार नाही आणि तरी प्रत्येक शब्द जिवंत करील, असा असावा लागतो. नट हातात पुस्तक घेऊन उभा राहतो तो अशा वेळी. पुस्तक जणू श्रोत्यांना सांगत असते की, हे शब्द या माणसाचे नाहीत. त्याने ते तुमच्यासाठी उसने आणले आहेत.

न्यूयॉर्कची कथासभा

नटांनी कथा वाचण्याच्या आधुनिक प्रथेचे सर्वांत टिकाऊ उदाहरण न्यूयॉर्कमध्ये सापडते. तेथे मॅनहॅटन भागात ब्रॉडवे आणि ९५ व्या रस्त्याच्या चौकात ‘सिंफनी स्पेस’ नावाचे सभागृह आहे. ही वास्तू मूळची बाजाराची, पुढे तेथे चित्रपटगृह झाले. १९७८ मध्ये आयझाया शेफर आणि अॅलन मिलर यांनी तिचे सांस्कृतिक केंद्र केले. १९८५ साली तेथे ‘सिलेक्टेड शॉर्ट्‌स’, म्हणजे निवडक लघुकथा, ही मालिका सुरू झाली. कल्पना अगदी साधी. नाटक-चित्रपटांतील नटनटींनी यावे आणि नव्या-जुन्या लेखकांच्या कथा मोठ्याने वाचाव्यात. वेशभूषा नाही, नेपथ्य नाही. पुढे ही वाचने नभोवाणीवरून देशभर ऐकू जाऊ लागली. शेफर यांनी २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत या मालिकेचे सूत्रसंचालन केले, आणि त्यांच्यामागेही ती चालू राहिली.

ज्या शहरात करमणुकीला तोटा नाही, तेथे लोक पैसे देऊन एका माणसाचे वाचन ऐकावयास का यावेत? आमच्या मते याचे कारण नटाच्या संयमात आहे. नाटकात नट पात्र होतो आणि त्याच्याकडे पाहण्यात आपली कल्पनाशक्ती विसावते. कथावाचनात त्याला एकाच वेळी आई, मूल, शेजारी आणि या सर्वांकडे पाहणारा निवेदकही व्हावे लागते. त्यामुळे यांपैकी कोणीही तो पुरतेपणी होऊ शकत नाही. तो थोडी सूचना देतो, उरलेले श्रोत्याने आपल्या मनात उभे करावयाचे असते. म्हातारीचा आवाज काढताना तो म्हातारी होत नाही. श्रोता मात्र ती पाहतो. डिकन्सने जी रेषा ओलांडली, तिच्या अलीकडे राहण्यात या कलेचे सारे कसब आहे.

सभागृहातील श्रवणाचा आणखी एक विशेष आहे. मूक वाचनात आपण कंटाळवाणा परिच्छेद ओलांडून पुढे जातो, दुःखद पान मिटून ठेवतो. ऐकताना ही मुभा नसते. कथा आपल्या गतीने नव्हे, तिच्या गतीने चालते, आणि शेजारच्या अनोळखी माणसाचा श्वास अडखळला की आपल्यालाही ते जाणवते. एकट्याने वाचलेल्या कथेचे दुःख खाजगी असते. एकत्र ऐकलेल्या कथेचे दुःख वाटून घेतले जाते.

आपले वाचनपीठ

या इतिहासाचा आपल्या धर्मग्रामांशी संबंध काय? आमचे उत्तर असे की, तो अगदी निकटचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले आणि लोकभाषांना मिस्सात स्थान मिळाले. शतकानुशतके लॅटिनमधून ऐकलेली वाचने मराठीत ऐकू येऊ लागली. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी जुनी कनिष्ठ दीक्षापदे रद्द करून वाचकपद प्रापंचिकांसाठी खुले केले. २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी ते पद स्त्रियांनाही विधिपूर्वक देता येईल असे ठरविले. प्रत्यक्षात आपल्या मायभगिनी त्याआधी अनेक वर्षे वाचनपीठावर उभ्या राहात होत्याच. रायतूरला ज्या मराठीचा आवाज एकदा दबला होता, तिला वेदीजवळ सन्मानाने जागा मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे.

पण या जागेचे आपण काय केले? वाचनाची पाळी अनेकदा मिस्साच्या पाच मिनिटे आधी ठरते. वाचकाने उतारा आधी डोळ्यांखालून घातलेला नसतो. वाक्य कोठे संपते ते त्याला ठाऊक नसते, संदेष्ट्यांची नावे अडखळतात, आणि ध्वनिक्षेपकाच्या आवाजात अर्थ बुडून जातो. दुसऱ्या टोकाला काही वाचक इतके नाट्यमय होतात की, यिर्मयाऐवजी वाचकच ध्यानात राहतो. पहिल्याने कौशल्य सोडले, दुसऱ्याने नम्रता. देवाचे वचन ही लघुकथा नव्हे आणि वेदी हा रंगमंच नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही चांगला नट दहा पानांच्या लौकिक कथेसाठी जेवढी मेहनत घेतो, तिच्या निम्मी तरी आपण रविवारच्या वाचनासाठी घ्यावयास नको काय? संपूर्ण उतारा आधी मोठ्याने वाचावा, श्वासाच्या जागा हेराव्यात, वाक्याचा शेवट गिळू नये, विरामाला घाबरू नये. हे सारे नटाकडून शिकण्यासारखे आहे. पुस्तकापुढे मान कशी लववावी, ते बेनेडिक्टांकडून शिकावे.

श्रोत्यांचीही काही बाजू आहे. आज कथा ऐकण्याची साधने विपुल झाली आहेत. स्टोरीटेल या स्वीडिश संस्थेने २०१७ मध्ये भारतात पाऊल ठेवल्यापासून मराठी पुस्तके नामवंत नटांच्या आवाजात खिशातल्या दूरध्वनीवर ऐकता येऊ लागली. प्रवासात, स्वयंपाक करताना, दृष्टी अधू झालेल्या वृद्धांना एकांतात, ही मोठीच सोय आहे. हाव्हानाच्या कामगारांना ती नक्कीच आवडली असती. परंतु कानांत यंत्र घालून एकट्याने ऐकणे आणि शंभर जणांत बसून ऐकणे या गोष्टी एक नव्हेत. पहिल्यात कथा मिळते, समाज मिळत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. प्रत्येक धर्मग्रामात वाचनालय किंवा सभागृह असतेच. आगमनकाळाच्या किंवा उपवासकाळाच्या चार संध्याकाळी तेथे चार मराठी कथा वाचल्या जाव्यात. आपल्यात हौशी रंगभूमीवर वावरलेली मंडळी आहेत. त्यांनी नाटक बाजूला ठेवून हाती पुस्तक घ्यावे. भाषणे नकोत, सत्कार नकोत, वाद्यसंगीत नको. ख्रिस्तपुराणातला एखादा भाग वाचावा, त्याच्या शेजारी आजच्या लेखकाची कथा वाचावी. मुलांना पुढे बसवावे, कारण ज्या पिढीने ऐकले नाही ती पुढे जपणार नाही. चारशे वर्षांपूर्वीचे आपले पुराण ज्यांनी जपले, त्यांच्यापाशी छापखाना नव्हता आणि राज्याश्रयही नव्हता. त्यांच्यापाशी एक वाचणारा होता आणि ऐकणारी माणसे होती. या दोन गोष्टी आजही आपल्यापाशी आहेत.